नऊवारी आणि मुंडावळ्यांबरोबर गायकवाडी थाटाचा मोत्यांचा टियारा घरी करता येईल का?

तुम्ही विचारलंय की लेकीचं लग्न मे महिन्यात बडोद्यात आहे, ती नऊवारी नेसणार, मुंडावळ्या बांधणार आणि वर तिथल्या गायकवाड राजघराण्याच्या दागिन्यांसारखा मोत्यांचा टियारा हवा आहे. करता येतो. पितळी तार, मोती, दोन पकडी आणि चार-पाच निवांत दुपारी हाताशी हव्यात.

आधी घडणीचं बोलू. टियारा मूळचा युरोपातला. आपल्याकडे मस्तकावरचा राजेशाही दागिना म्हणजे शिरपेच, आणि तो पागोट्यावर. मग गायकवाडी छाप आणायची कुठून? मोत्यांतून. बडोद्याच्या खंडेराव महाराज गायकवाडांच्या (कारकीर्द १८५६–१८७०) खजिन्यात बसऱ्याच्या मोत्यांचा सातपदरी हार होता. त्यातल्या ६८ मोत्यांचा दोनपदरी हार २००७ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात सत्तर लाख डॉलरच्या वर गेला. त्यातला सगळ्यात लहान मोती साडेनऊ मि.मी.चा आणि मोठा सोळाचा. मधे मोठा, कडेला उतरत लहान, ही चढण डोळ्यांत भरते. तुम्हाला उचलायची आहे ती हीच गोष्ट. खडे, पानं, मोर यांच्या भानगडीत पडू नका.

सांगाडा दोन तारांचा करा. एकाच तारेवर मोती धरणाऱ्या उभ्या काड्या बांधल्या तर त्या तारेभोवती फिरतात आणि तासाभरात सगळा टियारा कपाळाकडे झुकतो. घरी केलेले बहुतेक टियारे इथेच फसतात. २ मि.मी.च्या पितळी तारेचे ३० सें.मी.चे दोन तुकडे घ्या, एकमेकांपासून ७ मि.मी. अंतरावर ठेवा. टोकं सोनाराकडून डाखून जोडून घ्या आणि तिथेच केसांचे आकडे अडकवायला एकेक कडी करून घ्या. बाक अर्धगोल नको, घोड्याच्या नालेसारखा हवा: टोकांमधलं अंतर १४-१५ सें.मी., खोली ११. तार वाकवल्यावर थोडी उघडतेच, म्हणून हव्या त्यापेक्षा लहान डब्यावर वाकवा.

उभ्या काड्या १७. मधली ५५ मि.मी., मग दोन्ही बाजूंना ४८, ४२, ३७, ३२, २८, २४, २१ आणि १८. ही मापं वरच्या तारेपासून वरची आहेत. खाली बांधायला प्रत्येकीला १ सें.मी. जास्त सोडा. उतार सरळ रेषेत ठेवला तर टियारा छपरासारखा दिसतो, म्हणून फरक आधी जास्त आणि पुढे कमी होत जातो. मधल्या तीन काड्या १ मि.मी. तारेच्या, बाकीच्या ०.८ च्या. काड्यांमध्ये १६ मि.मी. अंतर. प्रत्येक काडी दोन्ही तारांना ०.३ मि.मी. तारेचे सहा-सहा वेढे देऊन बांधा. तार ओढून घट्ट करा, पीळ देऊन नाही. पीळ देत राहिलं की ती कडक होते आणि नेमकी शेवटच्या वेढ्याला तुटते.

आता थांबा. सोन्याचं पाणी चढवायचं असेल तर ते या टप्प्यावर, मोती लावण्याआधी. डाखायची आच आणि पाणी चढवायची रसायनं, दोन्ही मोत्यांना मारक. मोती बांधायची ०.३ ची तारही त्याच रंगाची घ्या, नाहीतर जोड उठून दिसतो.

मोती लागतात १४६: टोकांसाठी १७ (मधे १० मि.मी.चा थेंबाच्या आकाराचा, मग ८ पासून ५ पर्यंत उतरते), त्या प्रत्येकाखाली ४ मि.मी.चा एक, आणि काड्यांमधल्या १६ झोळांसाठी (दोन काड्यांमध्ये सैल लोंबणाऱ्या मोत्यांच्या सरींसाठी) ३ मि.मी.चे प्रत्येकी सात. आणताना १७० आणा. गोड्या पाण्याच्या मोत्यांची भोकं सारखी नसतात; ०.३ ची तार दोनदा जात नसेल तो बाजूला काढा. टोकाचा मोती तारेच्या घडीत अडकवून दोन्ही शेपट्या काडीवर खाली गुंडाळत न्या, वाटेत ४ चा मोती त्याच तारेत ओवा. झोळासाठी प्रत्येक वेळी १२ सें.मी.चा वेगळा तुकडा घ्या. अखंड तार वापरली आणि ती एका ठिकाणी तुटली तर मांडवात मोती वेचत बसावं लागेल. हे झोळ शोभेपुरते नाहीत, तेच काड्यांना एकमेकींत धरून ठेवतात. सगळं मिळून वजन ४०-४५ ग्रॅम होतं, डोकं दुखत नाही.

ग्लू गन वापरू नका. मे महिन्यात बडोद्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तो डिंक मऊ पडतो.

झालं की कापसाचा बोळा आतून-बाहेरून सगळीकडे फिरवा. जिथे तंतू अडकला तिथे तारेचं टोक उघडं आहे, ते पकडीने दाबा. हे राहिलं तर शेल्याच्या जरीचा धागा ओढला जातो. आतल्या बाजूला केसांच्या रंगाची ६ मि.मी.ची मखमली फीत दोन्ही तारांवर गुंडाळा; घामाने पितळेचा हिरवा डाग पडत नाही आणि टियारा सरकत नाही.

मुंडावळ्यांचं गणित मात्र नीट बघा. त्या कपाळावरून जाऊन कानशिलांवर लोंबतात, म्हणून टियाऱ्याची टोकं कानाच्या वर ३ सें.मी. संपली पाहिजेत आणि पुढची कड केसांच्या रेषेपासून तेवढीच मागे हवी. आधी मुंडावळ्या बांधा, गाठ अंबाड्याखाली घ्या, मग टियारा. मंगलस्नानाला त्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं तर केस निसरडे होतात. केस आदल्या दिवशीच धुवा. टियाऱ्यामागे दोन बारीक वेण्या घालून आकडे त्यांत खोवा. अत्तर आणि हेअर स्प्रे टियारा चढवण्याआधी. मोत्यांचं पाणी त्यानेच जातं.

अक्षता झोळांत अडकतात. त्या बोटांनी ओढू नका. रात्री टियारा उतरवून उलटा धरला आणि मऊ ब्रशने झटकला की पडतात. मग ओलसर मलमलीने पुसून, पूर्ण वाळवून, सुती कापडात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको.