एवढ्याशा बेटावरच्या एका पक्ष्यासाठी इतका आटापिटा कशाला?

तुम्ही विचारलंय की अंदमानातलं नारकोंडम जेमतेम ७ चौरस किलोमीटरचं बेट, धनेश तर भारतात इतरत्रही आहेत, मग तिथल्या धनेशाची एवढी काळजी कशाला? इतर जातींचे धनेश आहेत, पण नारकोंडमचा धनेश जगात दुसरीकडे कुठेच नाही, अगदी अंदमानच्या मोठ्या बेटांवरही नाही. साधारण हजारभर पक्षी, आणि सगळे त्या एका ज्वालामुखीच्या जंगलात.

त्याच्या मुख्य भूमीवरच्या भाऊबंदांचं घरटं मी तासन्‌तास पाहिलंय. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा, फळांचा गर यांनी तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट उरते. नर खोडाला बिलगून बसतो, मान झटकून घशातून वडाचं एक लाल फळ वर काढतो, फटीत देतो. मग दुसरं, मग तिसरं. नारकोंडमचा धनेशही असाच वाढतो, आणि खाल्लेल्या फळांच्या बिया जंगलभर टाकत फिरतो.

अशी ढोली फक्त जुन्या, जाडजूड झाडात मिळते. इथेच खरी मेख आहे. नारकोंडमवर पोलीस चौकी झाली, तिथल्या लोकांनी शेळ्या आणल्या, त्या मोकाट वाढल्या आणि कोवळी रोपं फस्त करू लागल्या. मोठी झाडं उभी असल्यामुळे जंगल वरून हिरवंगार दिसतं, खाली मात्र पुढची पिढी उगवतच नसते. शेळ्या पुढे हटवाव्या लागल्या, आणि ते फार बरं झालं.

हे वेळीच झालं नाही तर काय होतं, ते प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर दिसतं. दुसऱ्या महायुद्धानंतर मालवाहतुकीतून तिथे तपकिरी वृक्षसर्प पोहोचला. झाडावर चढून अंडी-पिल्लं खाणारा साप तिथल्या पक्ष्यांनी कधी पाहिलेलाच नव्हता. जंगलातल्या १२ मूळ जातींपैकी १० बेटावरून गेल्या. पावसाळ्यात तिथल्या जंगलात कोळ्यांची जाळी शेजारच्या बेटांच्या ४० पटीपर्यंत मोजली गेली आहेत, कारण कोळी खाणारं कुणी उरलं नाही. माझ्या डोळ्यांसमोरून हे चित्र जात नाही.

ग्वामचा खंड्या, ज्याला तिथले लोक 'सिहेक' म्हणतात, १९८८ पासून निसर्गात नव्हता. आधीच पकडून ठेवलेल्या २९ पक्ष्यांपासून त्याचा वंश पिंजऱ्यात टिकला. २०२४ मध्ये ९ पक्षी मोकळे सोडले, पण ग्वामवर नाही, हजारो किलोमीटर दूरच्या पॅल्मायरा प्रवाळबेटावर, कारण ग्वामवर साप अजून आहेत.

नारकोंडमच्या धनेशाचं घर अजून त्याचंच आहे. बोटीतून काय उतरतंय हे किनाऱ्यावरच तपासणं आणि जुन्या झाडांना हात न लावणं, एवढं तरी आपल्या हातात आहे. त्यासाठी आटापिटा करायची माझी पूर्ण तयारी आहे.