दुसरीतून थेट ‘इयर थ्री’त: इंग्लंडला येणाऱ्या एका ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टमध्ये नाशिकहून मिल्टन कीन्सला येताय. मुलगी फेब्रुवारीत सात वर्षांची झाली, मराठी माध्यमात दुसरीत आहे. तिला कुठल्या वर्गात घेतील, ती मागे पडेल का आणि हातातल्या दोन महिन्यांत तिच्याकडून काय करून घ्यावं, हे तुम्हाला हवंय. शिवाय इथल्या एका शाळेचं टर्म संपतानाचं न्यूजलेटर वाचून तुम्ही म्हणालात, “यात अभ्यासाचं काहीच नाही, सगळं जत्रा, खेळ आणि हरवलेले स्वेटर!” मी तिथूनच सुरुवात करते. पाच वर्षांपूर्वी आम्ही साताऱ्याहून आलो तेव्हा माझाही अगदी हाच समज झाला होता, आणि त्यापायी माझ्या मुलाचं पहिलं वर्ष मी उगाच अवघड करून ठेवलं.

आमच्या शाळेचं जुलैचं पत्रक आत्ता समोर उघडं आहे. स्पोर्ट्‌स डे झाला, समर फेअरमध्ये जमलेल्या पैशांतून वाचनालयाला पुस्तकं घेणार. सहावीच्या मुलांचा निरोप समारंभ अमुक दिवशी, शेवटच्या दिवशी शाळा दुपारी दीडला सुटेल, सप्टेंबरचा पहिला दिवस शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा, म्हणून मुलांना सुट्टी. हे वाचताना आपले डोळे परीक्षा, टक्के, नंबर शोधत राहतात आणि ते सापडत नाहीत. पण खाली एक छोटा परिच्छेद असतो: पुढच्या वर्षी शाळा कशावर भर देणार. आमच्याकडे यंदा तीन गोष्टी आहेत. अडखळत न वाचणं, वर्गात पूर्ण वाक्यात बोलणं आणि रोजची हजेरी. खरा अभ्यासक्रम त्या तीन ओळींत आहे, ताई. शाळा ज्या गोष्टी वर्षभर घोकणार त्या तिथेच लिहिलेल्या असतात. तुमच्या मुलीला ज्या शाळेत जागा मिळेल तिच्या वेबसाइटवर जुनी पत्रकं असतात. शेवटची तीन-चार नीट वाचा. ऑफस्टेड या तपासणी संस्थेचा अहवालही वाचा, पण दारावर ‘आउटस्टँडिंग’चा फलक दिसला म्हणून हुरळू नका. सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांना असा एका शब्दातला शेरा देणं बंद झालंय, म्हणजे तो फलक जुन्या तपासणीचा आहे.

आता वर्ग. इथे इयत्ता वयावर ठरते, मागच्या शाळेच्या दाखल्यावर नाही. १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या काळात जन्मलेली मुलं एका वर्गात. तुमची मुलगी सप्टेंबरात सात पूर्ण असेल, म्हणजे इयर थ्री. नाशिकला दुसरी, इथे तिसरी. “दुसरीतच घाला” अशी विनंती करता येते, पण ती क्वचित मान्य होते आणि माझं मत विचाराल तर करूही नका. इथे नापास करून मागे ठेवणं नाही, आणि मुलं आपल्या वयाच्या मुलांत भाषा लवकर उचलतात. एक गोष्ट लक्षात ठेवा, तिच्या वर्गातली मुलं ‘रिसेप्शन’पासून, म्हणजे चार वर्षांची असल्यापासून पूर्ण वेळ शाळेत आहेत. तीन वर्षांची वाचनाची सवय त्यांच्या गाठीशी आहे. तुमची तयारी तेवढ्या एका फरकाची हवी.

तो फरक म्हणजे फोनिक्स. आपण इंग्रजी शिकवताना ‘ए, बी, सी’ ही अक्षरांची नावं शिकवतो. इथे आधी आवाज शिकवतात. ‘बी’ म्हणजे ‘ब’, ‘सी’ म्हणजे ‘क’, आणि ‘एस’-‘एच’ जवळ आले की ‘श’. मग आवाज जोडून शब्द. मराठीत वाचायला शिकलेल्या मुलाला ही कल्पना अजिबात परकी नाही, कारण आपली बाराखडी म्हणजे आवाजच. क ला काना का. फक्त इंग्रजीत एकाच आवाजाची चार-चार रूपं असतात, ती पाठ व्हायला वेळ लागतो. इयर वनमध्ये जूनला सगळ्या मुलांची फोनिक्सची तपासणी होते. शिक्षिकेसमोर ४० शब्द मोठ्यानं वाचायचे, त्यांतले २० खरे आणि २० बनावट. बनावट शब्दांशेजारी एका विचित्र प्राण्याचं चित्र असतं, म्हणजे मुलाला कळतं की याला अर्थ नाही, फक्त आवाज जोडायचेत. तुमची मुलगी त्या टप्प्याच्या पुढे येतेय, तिची ही तपासणी होणार नाही. पण गरज वाटली तर शाळा तिला लहान गटात बसवून हेच शिकवेल. तिला रोज वीस मिनिटं वर्गाबाहेर नेतात असं कळलं तर घाबरू नका. मी घाबरले होते. मला वाटलं, मुलाला ‘कच्च्या’ मुलांत टाकलं. प्रत्यक्षात त्या गटानंच त्याला वाचतं केलं.

रोज एक पुस्तक दप्तरातून घरी येईल, पातळ, वाचनाची पायरी सांगणाऱ्या रंगाच्या पट्टीचं. सोबत एक वही. मुलीनं तुमच्यासमोर मोठ्यानं वाचायचं आणि तुम्ही वहीत तारीख, पानं आणि एखादी ओळ लिहून सही करायची. गृहपाठ म्हणून हे इतकं किरकोळ दिसतं की पहिल्या टर्मला मी आठवड्याच्या सह्या रविवारी एकदम ठोकल्या. जुलैच्या अहवालात शिक्षिकेनं लिहिलं की तो शब्द वाचतो पण गोष्ट सांगता येत नाही. चूक माझी होती. ती दहा मिनिटं उच्चारांसाठी नसतातच. “त्याला राग का आला असेल? पुढे काय होईल? हे तुला कशावरून कळलं?” असे प्रश्न विचारायला असतात. इथल्या लेखी परीक्षेतही तेच विचारतात. आणि हे प्रश्न तुम्ही मराठीत विचारू शकता.

हे मी मुद्दाम सांगतेय, कारण माझी मोठी चूक इथे झाली. अहवालात इंग्रजीपुढे ‘वर्किंग टुवर्ड्‌स’ असं आलं, म्हणजे अपेक्षित पातळीच्या दिशेनं प्रयत्न चालू आहेत. मी ते ‘नापास’ असं वाचलं आणि घरात मराठी बंद केली. आम्ही दोघं नवरा-बायको आपल्या तुटक इंग्रजीत त्याच्याशी बोलू लागलो. मुलगा गप्प झाला. आजीचा फोन आला की खोलीत जाऊन बसायचा. ऑक्टोबरच्या पालकभेटीत, जी जेमतेम दहा मिनिटांची असते, शिक्षिकेनं विचारलं, घरी कुठली भाषा बोलता? मी अभिमानानं सांगितलं, आता फक्त इंग्रजी. त्या म्हणाल्या, कृपा करून तुमची भाषा बोला, ज्या भाषेत तो भरपूर बोलतो त्या भाषेत त्याला विचार करता येतो, इंग्रजी आम्ही शिकवू. त्या रात्री मी त्याला जवळ घेऊन मराठीत गोष्ट सांगितली आणि तो प्रश्नावर प्रश्न विचारत साडेदहापर्यंत जागा राहिला. ताई, तुमच्या मुलीच्या बाबतीत हे करू नका. वर्गात घरची भाषा वेगळी असणारी बरीच मुलं असतात आणि त्यात कमीपणा मानत नाहीत. सुरुवातीचे काही महिने ती शाळेत अजिबात बोलणार नाही कदाचित. ऐकत असते. बोलू दे तिला तिच्या वेळेनं.

गणिताची काळजी तर मुळीच करू नका. इयर टूमध्ये २, ५ आणि १०चे पाढे, इयर थ्रीत ३, ४ आणि ८चे, आणि इयर फोर संपेपर्यंत १२ पर्यंतचे. त्या वर्षी जूनमध्ये संगणकावर पाढ्यांची तपासणी होते. २५ प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. ज्या घरात ‘बे एके बे’ची रोज उजळणी होते तिथली मुलगी यात सहज निघेल. पाढे मराठीत पाठ असले तरी चालतात, उत्तर आकड्यातच द्यायचं असतं. पण ‘उत्तर कसं आलं ते समजावून सांग’ या प्रश्नाची तयारी करा. आमच्याकडची मुलं उत्तर पटकन काढतात आणि तिथे अडतात. बाकी इयर थ्रीत अश्मयुग, खडक, चुंबक, रोपटी असं काय काय असतं, एक परदेशी भाषा असते, बहुतेक ठिकाणी फ्रेंच किंवा स्पॅनिश. सहावी संपेपर्यंत किमान २५ मीटर पोहता यावं अशी राष्ट्रीय अभ्यासक्रमाचीच अपेक्षा आहे. मुलीला पाण्याची भीती असेल तर निघण्याआधी नाशिकलाच पोहण्याच्या तलावावर न्या.

वर्षाचं प्रगतिपुस्तक जुलैत मिळतं. त्यात नंबर नसतो. वर्गात कोण पहिलं आलं हे विचारूनही कळणार नाही. अपेक्षित पातळीच्या अलीकडे, पातळीवर किंवा त्याहून खोल समज, एवढे तीन शेरे आणि मग शिक्षिकेनं लिहिलेला मजकूर. तो मजकूर नीट वाचा. शेवटी ‘पुढचं पाऊल’ म्हणून एक-दोन वाक्यं असतात, सुट्टीत तेवढंच करून घ्यायचं. गुणांसाठीची मोठी परीक्षा सहावीच्या मे महिन्यात होते, तिला सॅट्‌स म्हणतात. त्यात १०० हा अपेक्षित पातळीचा आकडा असतो, शंभरपैकी शंभर नव्हे. माझ्या मुलाची ती आत्ताच झाली. तुम्हाला त्याला चार वर्षं आहेत, तोवर शिकवण्या शोधत बसू नका.

हजेरीबद्दल मात्र आधीच सांगते, कारण आपली बरीच कुटुंबं इथे अडकतात. दिवाळीला किंवा लग्नाला जोडून दोन आठवडे भारतात, ही आपली सवय. टर्म चालू असताना मुख्याध्यापक अशी रजा देत नाहीत. पाच दिवस विनापरवाना गैरहजर राहिलं की दंडाची नोटीस येऊ शकते. ऑगस्ट २०२४ पासून हा दंड ८० पौंड आहे, तोही दर मुलामागे दर पालकाला. २१ दिवसांत भरला नाही तर १६०. दिवाळीच्या दिवसाची धार्मिक सणासाठी रजा मागता येते आणि ती मिळते, पण ती त्या दिवसापुरतीच. ऑक्टोबरअखेर हाफ-टर्मची आठवडाभर सुट्टी असते, कधी दिवाळी तिच्यात बसते, कधी नाही. तिकिटं काढण्याआधी शाळेचं कॅलेंडर बघा. आजोबा आजारी असतील, तसं काही असेल तर लपवू नका, मुख्याध्यापकांना सरळ जाऊन भेटा.

डब्याचंही थोडं. रिसेप्शन ते इयर टू सरकारी शाळेत सगळ्या मुलांना दुपारचं जेवण फुकट असतं. तुमची मुलगी नेमकी त्याच्या पुढे जातेय, म्हणून पैसे भरावे लागतील किंवा डबा द्यावा लागेल. शाकाहारी जेवण मिळतं. अंडं चालत नसेल तर फॉर्मवर स्वतंत्र लिहा, कारण इथे शाकाहारात अंडं धरतात. बऱ्याच शाळांत शेंगदाणा आणि काजू-बदामासारखा सुकामेवा पूर्ण बंद आहे, ॲलर्जीमुळे. म्हणजे दाण्याची चटणी, लाडू तर नाहीच, पण कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी आणि काकडीची कोशिंबीरसुद्धा नाही. ही गंमत नाही, एखाद्या मुलाच्या जिवाशी गाठ असते. पराठा, इडली, दहीभात बिनधास्त द्या.

तर दोन महिन्यांत काय? इंग्रजी व्याकरणाची पुस्तकं बाजूला ठेवा. तिला रोज एक छोटं इंग्रजी पुस्तक मोठ्यानं वाचू द्या आणि त्यावर मराठीत गप्पा मारा. “मला स्वच्छतागृहात जायचंय, मला कळलं नाही, परत सांगाल का, माझं पोट दुखतंय” ही चार वाक्यं इंग्रजीत इतकी पक्की करा की रडू आलं तरी तोंडातून निघतील. बुटाची नाडी, कोटाची चेन, खेळाचे कपडे स्वतः बदलणं, काटा-चमच्यानं जेवणं हे तिचं तिला यावं. वर्गात कुणी भरवत नाही की बटणं लावून देत नाही. आल्यावर जवळच्या वाचनालयात नाव घाला, ते फुकट आहे. उन्हाळ्यात तिथे समर रीडिंग चॅलेंज चालतं, सुट्टीत मुलांनी ठरवलेली पुस्तकं वाचायची आणि शेवटी पदक मिळतं. शाळा सुरू व्हायच्या आधी तिला इथली मुलं दिसतील, ऐकू येतील.

सामानात जन्मदाखला, पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती, लसीकरणाचं कार्ड आणि शाळेचं शेवटचं प्रगतिपुस्तक वरच्या कप्प्यात ठेवा. तिची बालभारती आणि दोन-चार आवडीची मराठी पुस्तकंही घ्या, वजन झालं तर माझ्या सांगण्यावरून एक पातेलं कमी करा.

प्रवेशाचा अर्ज शाळेत नाही, काउन्सिलकडे, म्हणजे इथल्या महापालिकेकडे असतो. वर्षाच्या मधल्या प्रवेशासाठी वेगळा फॉर्म आहे आणि काही शाळा तो स्वतःच घेतात. आमच्या वेळी घराचा भाडेकरार दाखवल्याशिवाय जागा दिली नव्हती, म्हणून घर आधी ठरवा. जवळच्या शाळेत जागा नसेल तर दूरची देतील. ती नाकारून घरी बसवण्यापेक्षा घ्या, जवळच्या शाळेच्या प्रतीक्षायादीत नाव ठेवा आणि अपील करा. तुमच्यासाठी एक बरं आहे, तीस मुलांची कायद्यानं घातलेली मर्यादा इयर टूपर्यंतच आहे, इयर थ्रीला अपिलात थोडी जास्त आशा असते. शिवाय काही ठिकाणी ज्युनियर स्कूल इयर थ्रीपासूनच सुरू होते, तिथे सगळीच मुलं नवी असतात. तुम्ही पाठवलेल्या पत्त्याजवळ अशी शाळा आहे का, हे काउन्सिलला आवर्जून विचारा.

आणि हे सगळं या आठवड्यात करा. जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शाळा बंद होतात ते थेट सप्टेंबरला उघडतात. मधल्या काळात शाळेच्या ऑफिसात फोन उचलायला कुणी नसतं. तुम्ही उतराल तेव्हा दारं बंद असणार, म्हणून शाळेला ईमेल आत्ताच जायला हवा. त्यात मुलीचं वय, ती मराठी बोलते-वाचते हे आणि तिला काय आवडतं हे लिहा. चित्रं काढते म्हणालात ना, तेही लिहा. मजकूर करून मला पाठवा, मी वाचून देते.