वाचक विचारतात : इम्प्लांट ‘कंप्युटरवर’ करून घ्यावे का?

प्रश्न : माझ्या आईचे वय ६४ आहे. खालच्या जबड्यातील उजव्या बाजूच्या दोन दाढा दहा वर्षांपूर्वी काढाव्या लागल्या. काढता-घालता येणारे दात तिला कधी मानवले नाहीत. तिला मधुमेह आहे आणि मिश्री लावण्याची जुनी सवय आहे. गावातील डॉक्टरांनी साध्या एक्स-रेवर दोन इम्प्लांट (हाडात बसवायचे धातूचे स्क्रू, ज्यांवर नंतर दात चढवतात) बसवता येतील असे सांगितले. शहरातील डॉक्टरांनी मात्र आधी थ्रीडी स्कॅन आणि मग ‘कंप्युटर गाइडेड’ शस्त्रक्रिया सुचवली असून खर्च बराच जास्त सांगितला आहे. हा जादा खर्च खरोखर गरजेचा आहे का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तुम्हाला सांगितलेल्या खर्चात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. एक म्हणजे स्कॅन आणि दुसरी म्हणजे त्या स्कॅनवरून तयार केलेला गाइड, म्हणजे ड्रिलला वाट दाखवणारा साचा. आईंच्या बाबतीत स्कॅन टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गाइडचा निर्णय स्कॅन पाहिल्यानंतर घ्यावा.

दाढ काढल्यावर त्या जागचे हाड हळूहळू झिजते, आणि ते उंचीपेक्षा जाडीत आधी कमी होते. ओपीजी म्हणजे संपूर्ण जबड्याचा साधा एक्स-रे हा सपाट असतो. त्यात हाडाची उंची दिसते, तीही काहीशी मोठी होऊन दिसते. जाडी मात्र मुळीच दिसत नाही. सीबीसीटी या थ्रीडी स्कॅनमध्ये जबड्याचे आडवे छेद पाहता येतात. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका बाईंच्या ओपीजीमध्ये हाड भरपूर वाटत होते. छेद पाहिला तेव्हा वरची कड सुरीच्या धारेसारखी निमुळती झालेली होती आणि खाली जिभेच्या बाजूला हाड आत खचलेले होते. सरळ छिद्र घेतले असते, तर ड्रिल त्या खोलगट भागातून हाडाबाहेर, जिभेखालच्या रक्तवाहिन्यांच्या जागी निघाले असते. त्याच हाडातून खालचा ओठ आणि हनुवटी यांना संवेदना देणारी नसही जाते. इम्प्लांटचे टोक आणि ही नस यांच्यात निदान २ मिलिमीटर अंतर ठेवावे असा दंडक आहे, कारण नस दुखावल्यास ओठाला येणारी बधिरता महिनोन्‌महिने, क्वचित कायमचीही, राहू शकते.

आता गाइडविषयी. स्कॅनमधील हाड आणि तोंडातील दात-हिरड्यांचे डिजिटल माप संगणकावर एकमेकांवर बसवतात, आधी वर येणारी कॅप, म्हणजे कृत्रिम दात, कुठे हवी ते ठरवतात, मग तिच्या खाली इम्प्लांट कोणत्या कोनात हवे ते आखतात आणि त्या आखणीप्रमाणे थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकचा साचा तयार करतात. हा साचा दातांवर घट्ट बसतो आणि त्याच्या भोकातूनच ड्रिल आत जाते. हाड कमी असेल, नस जवळ असेल किंवा एकाच वेळी अनेक इम्प्लांट बसवायची असतील, तेव्हा त्याचा मोठा आधार वाटतो. तरीही आखणी आणि प्रत्यक्ष जागा यांत सरासरी एक ते दीड मिलिमीटरचा फरक पडू शकतो. म्हणूनच वर सांगितलेले २ मिलिमीटरचे अंतर गाइड असतानाही सोडायचे नसते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे विशेष लक्षात घ्यावी लागते. गाइडमधून काम करताना ड्रिल अधिक लांब लागतात, त्यामुळे मागच्या दाढांसाठी तोंड चांगले उघडावे लागते. सुपारी-गुटख्याने ज्यांचे तोंड आखडले आहे, त्यांच्यात ही पद्धत मागच्या बाजूला वापरता येतेच असे नाही. शिवाय गाइडच्या अरुंद भोकातून थंड पाणी हाडापर्यंत नीट पोचले नाही, तर हाड तापते, आणि मिनिटभर ४७ अंश सेल्सियसच्या वर राहिलेले हाड इम्प्लांटला धरत नाही. हे सांभाळणे शेवटी डॉक्टरांच्या हातात असते. भरपूर हाड असलेल्या जागी, स्कॅन नीट वाचून, अनुभवी डॉक्टरांनी गाइडशिवाय बसवलेली दोन इम्प्लांट उत्तम टिकतात. म्हणून डॉक्टरांना सांगा, ‘आईच्या जबड्याचा छेद आम्हाला स्क्रीनवर दाखवा, नस कुठे आहे आणि इम्प्लांट कुठे येणार ते समजावून द्या.’ हे दहा मिनिटे बसून दाखवणाऱ्या डॉक्टरांवर मी विश्वास ठेवीन, मग ते गावातले असोत वा शहरातले.

मात्र या सगळ्याच्या आधी साखर आणि मिश्री. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी करून घ्या; ती ८ टक्क्यांच्या वर असेल, तर मी स्वतः शस्त्रक्रिया पुढे ढकलतो. मिश्रीतली तंबाखू हिरडीच्या भरून येण्यात अडथळा आणते, ती सोडावीच लागेल. ब्रोनेमार्क या संशोधकांनी स्वीडनमध्ये १९६५ साली पहिल्या रुग्णाला टायटॅनियमची इम्प्लांट बसवली, तेव्हापासून हाड आणि धातू एकजीव होण्यासाठी काही महिने द्यावे लागतात. खालच्या जबड्यात साधारण तीन. कोणत्याही सॉफ्टवेअरने हाडाची ही गती वाढवलेली नाही.

प्रश्न : मापाची पेस्ट तोंडात घातली की मला उमासे येतात. कॅमेऱ्याने घेतलेले माप तितकेच चांगले असते का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : एक-दोन कॅप किंवा लहान ब्रिजसाठी निःशंकपणे होय. पेनासारखा दिसणारा स्कॅनर दातांवरून फिरवला जातो आणि समोरच्या स्क्रीनवर तुमची दाढ खाचाखोचांसह भरत जाते. राहिलेला कोपरा लगेच दिसतो आणि तेवढाच पुन्हा घेता येतो. यात क्ष-किरण नसतात. हे तंत्र नवेही नाही, झुरिकमध्ये १९८५ साली पहिल्या रुग्णावर ते वापरले गेले. मात्र लाळ आणि रक्त यांनी चित्र बिघडते, आणि एकही दात नसलेल्या जबड्यात मऊ हिरडीवर स्कॅनरला धरायला खूण सापडत नाही, त्यामुळे संपूर्ण कवळीसाठी अजूनही अनेकदा पेस्टचेच माप घ्यावे लागते.

प्रश्न : माझे इम्प्लांट नाशिकमध्ये झाले असून आता मुलाकडे पुण्याला राहायला जाणार आहे. कोणते कागद सोबत न्यावेत?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : फाइलमध्ये लावलेले इम्प्लांटच्या डबीवरील स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, व्यास, लांबी आणि लॉट नंबर असतो. प्रत्येक कंपनीचे स्क्रू आणि त्यांना लागणारी चावी वेगळी असते. ही माहिती नसेल, तर साधा सैल झालेला स्क्रू घट्ट करणेही नव्या डॉक्टरांना अवघड जाते. सीबीसीटीची सीडी किंवा पेनड्राइव्ह आणि कॅपची डिजिटल फाइलही घ्या. कॅप उद्या तुटली, तर त्या फाइलवरून तशीच दुसरी करून घेता येते.