इस्ट्रोजेन, मेंदूतला दाह आणि औषधाची वेळ

प्रश्न : वय ४४. दोन वर्षांपूर्वी गर्भपिशवी काढली. तेव्हापासून झोप उडाली आहे, ओळखीच्या माणसांची नावं आठवत नाहीत. इस्ट्रोजेन (अंडाशयांत बनणारं स्त्री-संप्रेरक) कमी झालं की मेंदूला सूज येते असं ऐकलं. एमआरआय करू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मेंदूज्वरात येते तशी ही सूज नव्हे. मेंदू फुगत नाही आणि नेहमीच्या एमआरआयमध्ये यातलं काही दिसत नाही, त्यामुळे एवढ्यासाठी तो खर्च नको. याला ‘दाह’ म्हटलेलं बरं.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. एरवी त्या बारीक फांद्या पसरून आजूबाजूला चाचपत असतात. इजा झाली की फांद्या आखडून जाडसर होतात आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१-बीटा अशी दाहक रसायनं सोडतात. ही रसायनं बनवायला लावणारं एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन इस्ट्रोजेन दाबून ठेवतं. अंडाशयं काढलेल्या उंदरांत हा लगाम सुटलेला दिसतो. माणसातला पुरावा आडवळणाचा आहे: मल्टिपल स्क्लेरॉसिस (मेंदू आणि मज्जारज्जूत दाह होणारा आजार) असलेल्या २५४ स्त्रियांच्या १९९८ मधल्या युरोपीय अभ्यासात गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आजाराचे झटके खूप कमी झाले आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत उसळले. गरोदरपणात इस्ट्रोजेन शिगेला असतं, पण बाकीही बरंच बदलतं. सगळं श्रेय त्याला देऊ नये.

तुमच्या बाबतीत खरा प्रश्न वेगळा आहे: अंडाशयं राहिली आहेत का? डिस्चार्ज कार्ड काढा. नुसतं ‘टीएएच’ असेल तर फक्त गर्भपिशवी गेली. सोबत ‘बीएसओ’ असेल तर दोन्ही अंडाशयंही गेली, म्हणजे इस्ट्रोजेन एका दिवसात आटलं. बीडकडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये गाजलं. अशा प्रत्येकीने हे कार्ड जपून ठेवायला हवं.

अंडाशयं गेली असतील आणि स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी, पक्षाघात किंवा यकृताचा गंभीर आजार झालेला नसेल, तर साधारण पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन घेण्याबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी लवकर बोला. मेंदूपेक्षाही हाडं आणि हृदय यांसाठी ते गरजेचं आहे. गर्भपिशवी नसल्याने सहसा सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक लागत नाही. ती असती, तर एकट्या इस्ट्रोजेनने तिचं अस्तर वाढून कर्करोगाचा धोका झाला असता. विसरण्यासाठी आधी हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासा. झोप मोडली की नावं आठवत नाहीतच.

प्रश्न : वय ५२. इस्ट्राडिओलच्या (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) गोळ्या सुरू केल्यावर सीआरपी (रक्तातला दाहाचा निर्देशक) वाढला. दाह कमी व्हायचा सोडून वाढला का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : सीआरपी यकृतात बनतो. गिळलेली गोळी आतड्यातून थेट यकृतात जाते आणि ते तो जास्त बनवू लागतं. मेंदूत काय चाललं आहे, ते या आकड्यावरून कळत नाही. ताप किंवा संसर्ग मात्र नाही ना, हे बघून घ्या. गोळीने यकृतात रक्त गोठवणारे घटकही वाढतात, आणि ही बाब सीआरपीपेक्षा महत्त्वाची. त्वचेवर लावायच्या इस्ट्रोजेनच्या जेलने हे दोन्ही फारसं होत नाही. वजन जास्त असेल तर डॉक्टरांना जेलबद्दल जरूर विचारा. जेल कोरड्या दंडावर किंवा मांडीवर लावायचं, छातीवर कधीच नाही. लावून हात धुवा, जेल पूर्ण वाळू द्या, निदान तासभर आंघोळ टाळा, आणि त्या जागेला लहान मुलांचा स्पर्श होऊ देऊ नका.

प्रश्न : आई ६८ वर्षांची, विसरायला लागली आहे. इस्ट्रोजेन सुरू करावं का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : नाही. अमेरिकेत ६५ वर्षांपुढच्या स्त्रियांना ०.६२५ मिलिग्रॅम कॉन्ज्युगेटेड इस्ट्रोजेन आणि २.५ मिलिग्रॅम मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) रोज दिलं गेलं. २००३ मध्ये निष्कर्ष आला, तेव्हा स्मृतिभ्रंशाचा धोका दुप्पट निघाला. रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी ही औषधं सुरू करायची वेळ म्हणजे साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत. तेव्हाही स्मृतिभ्रंश टाळायचं औषध म्हणून ती देत नाहीत. आईंना मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या. जाताना त्या घेतात त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घाला. झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही विसरायला होतं.