बचाव निधीची ठेव मोडून किनाबालूची तिकिटे काढावीत का?

सातारा जिल्ह्यातील एका गिर्यारोहण संस्थेच्या खजिनदारांचे पत्र आले आहे. संस्थेतील 17 ते 21 वयोगटातील बारा मुले-मुली आणि दोन प्रशिक्षक यांना मलेशियातील सबाह राज्यात, बोर्निओ बेटावरील किनाबालू शिखरावर न्यायचे आहे. मोहीम दहा महिन्यांनी आहे. दरडोई अंदाज 1,20,000 रुपये, एकूण 16,80,000. प्रशिक्षकांचा खर्च मुलांमध्ये वाटून प्रत्येक कुटुंबाने 1,40,000 रुपये द्यायचे आहेत. आज विमानभाडे स्वस्त आहे, म्हणून संस्थेची सहा लाखांची मुदत ठेव मोडून 5,60,000 रुपयांची सर्व तिकिटे लगेच काढावीत आणि पालकांकडून हप्त्याने वसुली करावी, असा कार्यकारिणीचा विचार आहे. येणारे हप्ते जास्त व्याजासाठी गावातील पतसंस्थेत ठेवावेत की म्युच्युअल फंडात, असेही त्यांनी विचारले आहे.

महोदय, ठेव मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुदतीपूर्वी ठेव मोडल्याने व्याजात जी घट येईल, ती तुलनेने किरकोळ आहे. खरी अडचण अशी की ही ठेव शोध आणि बचाव कार्यासाठी दिलेल्या देणग्यांतून उभी राहिली आहे, असे आपणच लिहिले आहे. पुढच्या पावसाळ्यात एखाद्या घळीत कोणी अडकले आणि दोर किंवा स्ट्रेचर तातडीने घ्यावे लागले, तेव्हा तो पैसा बारा कुटुंबांच्या थकलेल्या हप्त्यांत अडकलेला असेल. दुसरे म्हणजे, बारापैकी सातच पालकांनी होकार कळवला आहे. समजा, शेवटी तीन मुले गळाली आणि तिकिटांचा परतावा मिळाला नाही, तर 1,20,000 रुपये, म्हणजे ठेवीचा पाचवा हिस्सा, बुडाला. शिवाय प्रशिक्षकांच्या 2,40,000 रुपयांचा दरडोई वाटा 20,000 वरून सुमारे 26,700 वर जाईल आणि तो नेमका वेळेवर पैसे भरणाऱ्यांवर पडेल. स्वस्त तिकिटातून वाचणारी रक्कम या जोखमीच्या मानाने फार थोडी आहे.

कायद्याची बाजू आपल्या पत्रात आलेली नाही, म्हणून ती सविस्तर मांडतो. आपली संस्था नोंदणीकृत सार्वजनिक न्यास आहे. उदारीकृत विप्रेषण योजनेखाली परदेशी पैसे पाठवण्याची मुभा फक्त निवासी व्यक्तींना आहे, न्यासाला नाही. त्यामुळे सबाहमधील आयोजकाला संस्थेच्या खात्यातून थेट पैसे पाठवण्याचा मार्ग या योजनेत मिळणार नाही. त्याहून महत्त्वाचे असे की करसवलत घेणाऱ्या न्यासाने भारताबाहेर केलेला खर्च, प्राप्तिकर विभागाच्या वरिष्ठ मंडळाची मंजुरी नसेल तर, सर्वसाधारणपणे न्यासाच्या उद्दिष्टांसाठी झालेला खर्च म्हणून धरला जात नाही. एका मोहिमेसाठी संस्थेच्या करसवलतीवर प्रश्नचिन्ह लावून घेणे मला मुळीच पटत नाही. पालकांनी आपल्याच मुलाच्या प्रवासासाठी भरलेली रक्कम ही देणगीही नव्हे, त्यामुळे कोणी कितीही आग्रह केला तरी तिची 80जी, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी, पावती देऊ नये.

म्हणून मोहिमेचा पैसा संस्थेच्या खात्यातून फिरवूच नये. बारा मुले आणि दोन प्रशिक्षक असे एकत्र दरपत्रक भारतातील प्रवास कंपनीकडून लेखी घ्यावे आणि प्रत्येक कुटुंबाने आपला हप्ता आपल्या पॅनवर थेट त्या कंपनीकडे भरावा. परदेशी सहलीच्या पॅकेजवर कंपनी टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ प्राप्तिकर, गोळा करते. तो ज्याच्या पॅनवर जमा होतो त्याला विवरणपत्रात वळता करून घेता येतो, मात्र हातातला पैसा काही महिने अडकतो, तेव्हा हप्ता ठरवतानाच ती रक्कम त्यात धरावी. ठरलेल्या तारखेपर्यंत पहिले 40,000 रुपये ज्यांचे आले, त्यांचीच तिकिटे निघतील, हा नियम पालकांच्या बैठकीत वाचून दाखवून त्याखाली सह्या घ्याव्यात. दहा किंवा अधिक प्रवाशांसाठी विमान कंपन्या गट आरक्षण देतात. त्यात नावे नंतर देण्याची सोय आहे का आणि अनामत किती, हे आजच विचारावे. नऊ मुले राहिली तरी प्रशिक्षकांसह आपण अकरा जण असाल.

यामुळे हप्ते कुठे ठेवावेत हा प्रश्नही सुटतो. प्रत्येक घराने आपल्या बँकेत आवर्ती ठेव उघडावी. पतसंस्थेतील ठेवींना ठेव विम्याचे संरक्षण नसते; बँकेत ते प्रत्येक ठेवीदारास 5 लाखांपर्यंत असते. समभागांवरील म्युच्युअल फंडाचा तर विचारही नको. दहा महिन्यांनी ठरावीक तारखेला लागणारा पैसा त्या आठवड्यातील बाजारभावावर सोडून देता येत नाही.

आता अंदाजपत्रकाविषयी. आपण जोडलेल्या चौकटीच्या पानावर सर्व आकडे शाईने आहेत आणि तळाशी पेन्सिलीने ‘विमा – 800?’ असे लिहिलेले आहे. माझ्या दृष्टीने त्या पानावरची सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे. किनाबालूची उंची 4,095 मीटर. चढाई जिथून सुरू होते ते तिंपोहोन द्वारच सुमारे 1,866 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही वर. 5 जून 2015 च्या भूकंपात याच डोंगरावर गिर्यारोहक आणि वाटाडे मिळून 18 जणांचा मृत्यू झाला आणि त्यांत सिंगापूरहून आलेली शाळकरी मुले होती. साध्या प्रवास विम्यातून गिर्यारोहण अनेकदा वगळलेले असते किंवा उंचीची मर्यादा घातलेली असते. म्हणून 4,095 मीटरपर्यंतची चढाई, डोंगरावरून सुटका आणि मायदेशी आणण्याचा खर्च हे तिन्ही पॉलिसीत शब्दशः लिहिलेले हवेत. हप्ता 800 ऐवजी काही हजार आला, तरी तो भरावा.

खर्चाचा दुसरा धोका चलनाचा आहे. परवाना, वाटाड्या आणि वरच्या मुक्कामातील खाटा यांचे दर रिंगिट या मलेशियाच्या चलनात असतात आणि परदेशी गिर्यारोहकांना ते स्थानिकांपेक्षा जास्त पडतात. मुक्कामाच्या खाटा मोजक्याच असल्याने तारीख पक्की करण्यासाठी आगाऊ रक्कमही द्यावी लागते. तुमच्या पानावरून असा खर्च माणशी 75,000, म्हणजे एकूण 10,50,000 रुपये दिसतो. रिंगिट पाच टक्क्यांनी महागला, तर 52,500 रुपये वाढतील, दर मुलामागे 4,375. त्यामुळे प्रत्येकाकडून 10,000 रुपये राखीव म्हणून घ्यावेत आणि उरलेले हिशेबासह परत करावेत. सध्या भारतीय पर्यटकांना मलेशियात 30 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो, पण ती सवलत ठरावीक मुदतीची आहे. ती पुढे वाढली नाही, तर व्हिसाचे शुल्कही याच रकमेतून निघेल.

महिन्याला 14,000 रुपये न झेपणारी दोन मुले संघात आहेत, असे आपण शेवटच्या ओळीत लिहिले आहे. मला ती ओळ सर्वांत आधी यायला हवी होती असे वाटले. कारण वरील सर्व शिस्त पाळली, तर पहिल्याच तारखेला वगळली जातील ती हीच दोघे. संस्थेने त्यांना भारतातच करता येईल अशी मदत करावी: सरावाच्या चढायांचा प्रवास आणि जेवण, तसेच रेनकोट, डोक्याचे दिवे आणि पाठपिशव्या. हे साहित्य संस्थेच्या मालकीचे राहील आणि बाराही मुलांना वापरायला द्यावे, म्हणजे कोणाला वेगळे काढल्यासारखे होणार नाही. या दोघांच्या प्रवासखर्चासाठी माजी सदस्यांनी व्यक्तिशः प्रवास कंपनीकडे रक्कम भरावी आणि तीही पहिल्या हप्त्याच्या तारखेआधी. ही सोय आधी करावी आणि मगच पालकांची बैठक बोलवावी.