टॅरो शिकवायला डेक निवडताना आधी मायनर अर्काना बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टॅरो, म्हणजे चित्रांच्या कार्डांवरून अर्थ लावणं, शिकवायला दहा-बारा नवशिक्यांची बॅच सुरू करायची आहे. प्रत्येकाला आवडेल तो डेक (७८ कार्डांचा संच) आणू द्यावा की सगळ्यांना एकच सांगावा? आणि एकच सांगायचा तर कोणता?

एकच सांगा, आणि तो रायडर-वेट-स्मिथचा असू द्या. दुकानात डेक बघताना सगळे जण मेजर अर्कानाची, म्हणजे स्वतंत्र नावांची २२ मुख्य कार्डं उलटून बघतात. फूल (म्हणजे मूर्ख), मून, डेथ ही कार्डं कुठल्याही डेकमध्ये देखणीच असतात. पण वर्ग अडतो तो मायनरमध्ये. मायनर अर्काना म्हणजे बाकीची ५६ कार्डं, वाँड्स, कप्स, सोर्ड्स आणि पेंटकल्स या चार सूटची (पत्त्यांतल्या रंगांसारखी). त्यातली १६ कोर्ट कार्डं (किंग, क्वीन, नाइट, पेज) सोडली तर उरतात एक्क्यापासून दश्शीपर्यंतची ४०. डेकची खरी परीक्षा या ४० कार्डांवर होते.

१९०९ मध्ये लंडनच्या रायडर प्रकाशनाने हा डेक काढला. कल्पना आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. स्मिथबाईंनी दुर्रीपासून दश्शीपर्यंतच्या कार्डांवरही माणसं आणि प्रसंग काढले. त्याआधी असं क्वचितच झालं होतं; पंधराव्या शतकातला इटलीतला सोला-बुस्का डेक हा ठळक अपवाद.

याचा शिकवताना काय उपयोग होतो ते सिक्स ऑफ सोर्ड्सवर दिसतं. नावाडी होडी ढकलतोय, पुढे अंगभर पांघरून बसलेली बाई आणि शेजारी मूल, होडीत सहा तलवारी उभ्या. होडीच्या एका बाजूचं पाणी लाटांचं आहे, दुसऱ्या बाजूचं संथ. अर्थ न सांगता नुसतं 'काय दिसतंय ते सांगा' म्हणालात तरी विद्यार्थी 'त्रासातून बाहेर पडतायत, पण तलवारी सोबत आहेतच' इथपर्यंत स्वतःहून येतात. मार्सेय या जुन्या फ्रेंच पद्धतीच्या डेकमध्ये याच कार्डावर सहा वाकड्या तलवारींची नक्षी आणि मधे फूल एवढंच असतं. तिथे आकड्याचा आणि सूटचा अर्थ जोडून वाचावं लागतं. ती पद्धत सुंदर आहे, पण पहिल्या महिन्यात ती दिली की विद्यार्थी अर्थ पाठ करायला लागतात आणि चित्राकडे बघणं थांबतं.

आता आवृत्ती. युनिव्हर्सल वेटमध्ये मेरी हॅन्सन-रॉबर्ट्स यांनी रंग नव्याने, सौम्य छटांत भरले आहेत. चेहरे नीट वाचता येतात. समोरासमोरच्या वर्गासाठी माझी पसंती हिला. शंभर वर्षं पूर्ण झाल्यावर, २००९ मध्ये आलेली सेंटेनिअल आवृत्ती जुन्या, मंद रंगांची आहे. हातात फार छान वाटते, पण झूमवर फिकी पडते. ऑनलाइन वर्गात रेडियंट रायडर-वेटचे भडक रंग जास्त कामाचे. कॅमेरा वरून लावणार असाल तर दिवा बाजूला ठेवा, नाहीतर चकचकीत कार्डावर नुसता पांढरा डाग दिसतो.

नेहमीचा आकार साधारण ७ बाय १२ सेंटिमीटर असतो. हात लहान असेल तर हे पत्ते रमीच्या पत्त्यांसारखे पिसता येत नाहीत, कडा दुमडतात. अशांना कार्डं चादरीवर पसरून दोन्ही हातांनी गोल फिरवायला सांगा. पॉकेट आवृत्ती मात्र शिकायला घेऊ देऊ नका, सिक्स ऑफ सोर्ड्सच्या लाटा तिच्यात दिसेनाशा होतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त नकलांमुळे. ओळखायच्या खुणा: पुस्तिकेऐवजी क्यूआर कोड, चित्राच्या कडा कापलेल्या, बारीक रेषा पसरलेल्या, कार्ड इतकं पातळ की दोन कार्डं एकदम उचलली जातात. कधी एखादं कार्ड दोनदा येतं आणि एखादं येतच नाही. म्हणून पहिल्या तासाला सगळ्यांना चारही सूट वेगळे लावून प्रत्येकी १४ कार्डं मोजायला लावा. जाहिरातीची किंवा कोरी जादा कार्डं तेव्हाच बाजूला काढा. दुसरी चूक म्हणजे टॅरो समजून ओरॅकल डेक (ज्यात हे सूट आणि ठरलेली ७८ कार्डं नसतात) घेणं. बॉक्सवर ७८ हा आकडा नसेल तर थांबा.

अ‍ॅलिस्टर क्रोली यांचा, वेगळ्या पद्धतीचा थॉथ डेक पहिल्या बॅचला नको. त्यात स्ट्रेंग्थचं लस्ट होतं, जस्टिसचं अ‍ॅडजस्टमेंट, टेम्परन्सचं आर्ट. कोर्टमध्ये किंगच नाही. शिवाय वेट यांनी स्ट्रेंग्थ ८ आणि जस्टिस ११ केलं, तर मार्सेय आणि थॉथमध्ये हे आकडे उलट आहेत. वर्गात दोन प्रकारचे डेक असले की 'आठ नंबरचं कार्ड काढा' म्हटल्यावर गोंधळ ठरलेला.

देवीदेवतांचे डेक आपल्याकडे पटकन आवडतात, पण सुरुवातीला ते अडचणीचे. कार्डावर दुर्गा असेल तर विद्यार्थ्याला तिची कथा आधीच पाठ असते आणि कार्डाचा अर्थ मागे पडतो. ते कार्ड उलटं आलं की हात अडखळतो, जमिनीवर ठेवायलाही नको वाटतं. ही श्रद्धा आहे, तिच्याशी भांडू नये. त्यामुळे रिव्हर्स (उलटी आलेली) कार्डं शिकवायला हा डेक उपयोगी पडत नाही, एवढंच.

उलट रायडर-वेटमधली ख्रिस्ती चित्रं आपल्या विद्यार्थ्यांना परकी वाटतात, आणि तिथे थोडा वेळ द्यावाच लागतो. जजमेंटवर देवदूत तुतारी फुंकतोय आणि शवपेट्यांतून माणसं उठतायत. पुनर्जन्म माहीत असलेला विद्यार्थी ते 'नवा जन्म' म्हणून वाचतो. इथे सगळे एकाच हाकेला उठतायत, हे दाखवा. हायरोफंट म्हणजे पोपसारखा धर्मगुरू, समोर दोन शिष्य. त्याला 'परंपरेने शिकवणारा गुरू' म्हटलं की लगेच समजतो.

कुणाकडे आधीच दुसरा डेक असेल आणि तो चालेल का असं विचारलं, तर त्यातले चारही नाइट काढून समोर ठेवायला सांगा. रायडर-वेटमध्ये वाँड्सचा घोडा पुढचे पाय उचलून उभा आहे, सोर्ड्सचा चौखूर उधळलाय, कप्सचा शांत पावलं टाकतोय, पेंटकल्सचा जागचा हललेला नाही. एवढ्या फरकावर चार स्वभाव शिकवता येतात. त्या डेकमध्ये चौघे नुसते चार देखणे तरुण असतील, तर तो घरी सरावाला ठेवा. वाँड्स अग्नी आणि सोर्ड्स वायू असंच आहे ना, हेही पुस्तिकेत बघा. काही डेकमध्ये ही अदलाबदल असते.

नोट्समध्ये कार्डांची चित्रं छापायची असतील तर १९०९ची मूळ चित्रं वापरा. स्मिथबाई १९५१ मध्ये वारल्या आणि आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे तो संपला आहे. नव्याने रंगवलेल्या आवृत्त्यांना हे लागू नाही. आणि पहिला डेक कुणीतरी भेटच द्यायला हवा, स्वतः घेऊ नये, ही समजूत पहिल्याच दिवशी काढून टाका, नाहीतर अर्धी बॅच डेकशिवाय येईल.