कर्नाटकातली बदामी, ऐहोळे, पट्टदकल दोन दिवसांत बघून होईल का?

होईल, पण मुक्काम बदामीतच करा. सोलापूरहून गदगकडे जाणारी रेल्वे थेट बदामीला थांबते.

पहिला दिवस पूर्ण बदामीला द्या. चालुक्यांची ही राजधानी वातापी, अगस्त्य तलावाच्या काठी वसलेली. सकाळी लेणी उघडताच वर चढा. पहिल्या लेण्याच्या दाराशीच अठरा हातांचा नटराज आहे. त्याच्या हातांच्या जोड्या जुळवत पाच मिनिटं तरी उभे राहा, दगड नाचताना दिसतो. तिसरं लेणं सगळ्यांत मोठं, त्यात इ.स. 578 चा लेख आहे. पिशवीत खाऊ नको, माकडं हिसकावतात. संध्याकाळी तलावाच्या पूर्व टोकाला भूतनाथ मंदिराच्या पायऱ्यांवर बसा. लाल कडे पाण्यात उतरलेले असतात, घाटावर धुण्याचे आवाज येत असतात. ही वेळ चुकवू नका.

दुसऱ्या दिवशी गाडी ठरवून आधी ऐहोळे करा. तिथे टेकडीवरच्या मेगुती मंदिरात कवी रविकीर्तीचा इ.स. 634 चा शिलालेख आहे. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने 99 हजार गावांची तीन महाराष्ट्रकं जिंकल्याचं त्यात कोरलंय. आपल्या प्रदेशाचं नाव इतक्या जुन्या दगडावर बघताना मला भरून आलं होतं. परतताना पट्टदकल. तिथलं विरूपाक्ष मंदिर लोकमहादेवी राणीने पतीच्या कांचीविजयानिमित्त बांधवलं.

जेवायला बनशंकरीला जा, बदामीपासून पाचेक किलोमीटर. देवळाच्या आवारात बायका टोपलीतून ज्वारीची भाकरी, भाजी, चटणी आणि दही वाढतात.